सांगलीतल्या वाडा-हॉटेलात तीन रात्री : खालची खोली नको आणि बिल आधी वाचा

सरळ मुद्द्यावर येतो. सांगलीत गावात, म्हणजे जुन्या पेठेत, वाड्याचं हॉटेल केलंय तिथे उतरणार असाल तर तळमजल्याची खोली घेऊ नका, फोटोत कितीही देखणी दिसली तरी. आणि काउंटरवर सही करायच्या आधी विचारा की एका रात्रीचे सगळं धरून किती आणि त्यावर जीएसटी पाच टक्के की अठरा. एवढं वाचून थांबलात तरी चालेल, पुढचं मी अर्धं तुमच्यासाठी आणि अर्धं डोकं शांत व्हावं म्हणून लिहितोय. हॉटेलचं नाव लिहीत नाही, त्यांच्याकडून अजून एक कागद यायचाय.

मी मसाल्याच्या कंपनीत खरेदीचं बघतो. हळदीचा सीझन लागला की पुणे-सांगली चालूच असतं, आणि इतकी वर्षं मी विश्रामबागेत एका साध्या हॉटेलात उतरत आलोय, टाइल्स, ट्यूबलाइट, गरम पाणी, सकाळी पोहे, विषय संपला. या फेब्रुवारीत ऑफिसातल्या बुकिंग बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या, सर दर वेळी काय तेच, हे बघा गावात काय मस्त हेरिटेज झालंय, बिझनेसवाल्यांसाठीच आहे. फोटो खरोखर भारी होते. मधला चौक, तुळशीवृंदावन, पितळी समया, सागवानी खांब. खाली यादी : हायस्पीड वाय-फाय, वर्क डेस्क, बोर्डरूम, वॅले पार्किंग, ड्रायव्हरची सोय. रेट ६,९५० अधिक टॅक्स, नाश्ता त्यातच. कंपनीचं लिमिट ७,५०० आहे त्यामुळे म्हटलं चला, एकदा आपणही संस्थानिक होऊन बघू.

जायचं कसं ते पटकन सांगतो. गाडीने असाल तर हायवेवरून पेठ नाक्याला डावीकडे, इस्लामपूर, आष्टा, सांगली. या रस्त्याबद्दल मी काही बोलत नाही, ज्यांना माहितीये त्यांची कंबर बोलेल. एकटे असाल तर सरळ रेल्वेने या, पुण्याहून वंदे भारत सांगलीलाही थांबते आणि मिरजेलाही, उतरायचं सांगलीला. अनेक गाड्या मात्र फक्त मिरजेला सोयीच्या पडतात, तिथून रिक्षावाला रात्री काय मागेल ते त्याच्या मूडवर.

आम्ही गाडीने गेलो, मी आणि ड्रायव्हर मामा. सांगलवाडीकडून कृष्णा ओलांडून टिळक चौकात आलो तोपर्यंत सगळं ठीक होतं. तिथून हॉटेल मॅपवर दाखवत होतं चार मिनिटं. आम्हाला लागली पस्तीस. आठवडी बाजाराचा दिवस होता हे मॅडमना कसं माहीत असणार, पण हॉटेलला माहीत होतं ना, दुपारी फोन करून किती वाजता पोचताय विचारलं त्यांनी, तेव्हा नाही सांगितलं. मेथीच्या जुड्या, केळ्यांचे गाडे, मध्येच उभा टेम्पो, एक बाई आमच्या बॉनेटवर पिशवी टेकवून निवांत सुट्टे पैसे मोजत होत्या. मामा म्हणाले, "साहेब, तुम्ही उतरा आणि चालत जा, मी उद्यापर्यंत येतो." ते चेष्टेत म्हणाले होते पण जवळपास तसंच झालं. तर बाजाराच्या दिवशी जात असाल तर गाडी पेठेत घालूच नका, स्टँडच्या अलीकडेच कुठेतरी लावा आणि रिक्षाने या, रिक्षावाल्यांना बोळ माहीत आहेत.

वॅले पार्किंग म्हणजे काय तर एक पोरगा येतो आणि ड्रायव्हरला सांगतो की गाडी इथे थांबवू नका, माझ्यामागून या. मग तो पोरगा सायकलवर पुढे आणि गाडी मागे, असं करत नदीच्या बाजूला एक मोकळा प्लॉट आहे तिथे. दिवसाला २०० रुपये, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. आणि ड्रायव्हरची सोय म्हणजे त्याच प्लॉटवर एक पत्र्याची खोली, आत दोन लोखंडी कॉट आणि एक वायर लोंबणारा पंखा. मामांनी दारातूनच बघितलं आणि स्टँडजवळ लॉज घेतला ६०० रुपयांत. रोज सकाळी माझ्यापेक्षा ताजेतवाने दिसत होते. लॉजवर त्यांना फोरजी फुल होतं, नातीशी व्हिडिओ कॉल करायचे, हे ते मला तिन्ही दिवस न चुकता सांगत होते.

आता वाडा. दिंडी दरवाजातून वाकून आत जायचं, हे फोटोत छान वाटतं पण लॅपटॉपची बॅग पाठीवर आणि हातात ट्रॉली असताना चौकट बरोबर टाळूवर बसते. "वाका साहेब" असं सांगायला एक जण ठेवलाय पण तो आपटल्यावर सांगतो. आत गेल्यावर गुळाचा खडा आणि वाळ्याचं पाणी देतात, ते चांगलं होतं. मग एक सूटवाला तरुण मॅनेजर आपल्याला इतिहास सांगतो, की वाडा पेशवेकालीन आहे, १८०१ ला चिंतामणराव पटवर्धनांनी मिरजेपासून वेगळं होऊन सांगली संस्थान केलं त्याच्याही आधीचा.

मी मान डोलावली, पण वर बघितलं तर सोप्याच्या, म्हणजे चौकाकडच्या ओसरीच्या, छताला लोखंडी गर्डर आणि त्यावर रंगाच्या थराखाली उठून आलेली इंग्रजी अक्षरं. माझे आजोळचे मामा जुन्या लाकडाचे व्यापारी होते, वाडे उतरवायचे, लहानपणी सुट्टीत त्यांच्यामागे फिरलोय म्हणून एवढं कळतं की पेशवाईतल्या वाड्याला सागवानी तुळई आणि कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत, असतो, विलायती गर्डर नसतो. वरची कौलं मंगलोरी, आणि मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला तोच १८६५ ला. कौलं मागाहून बदलता येतात, कबूल, पण गर्डर भिंतीत बसवलाय तो भिंत चढतानाच बसवलाय, हे दिसतं. म्हणजे वाडा असेल फार तर सव्वाशे-दीडशे वर्षांचा. त्यात कमीपणा काहीच नाही, चांगला दणकट, ऐसपैस व्यापाऱ्याचा वाडा आहे, खाली दुकान-गोदाम आणि वर राहणं अशी बांधणी. पण मग पेशवेकालीन कशाला म्हणायचं. पुढे जे जे खोटं निघालं ना, त्याचा पहिला वास मला इथे आला होता.

देवडीच्या भिंतीवर पितळेची एक पट्टी ठोकलीये, २०१९ च्या महापुराचं पाणी कुठपर्यंत आलं ते दाखवायला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. पट्टी माझ्या डोक्याच्या हातभर वर आहे. लोक तिथे उभं राहून सेल्फी काढतात, मीही काढला. काढताना एवढं डोक्यात आलं नाही की पाणी जर इथपर्यंत होतं तर तळमजल्याची भिंत आठेक दिवस पाण्यात उभी होती, आणि २०२१ ला परत. आणि मला दिलेली खोली तळमजल्याला.

खोलीत शिरताच अगरबत्तीचा वास, म्हणजे कसला तरी दुसरा वास दाबायला लावलेली. खोली दिसायला एक नंबर. उंच पलंग, कोनाड्यात दिवे, शहाबादी फरशी गुळगुळीत. रात्री जेवून आल्यावर मिनीबारमधलं भडंगाचं पाकीट फोडलं, सांगलीत येऊन भडंग नाही खाल्लं तर आलो कशाला, दोन मुठी खाल्लं आणि पाकिटाला घडी मारून पलंगाच्या मागच्या कोनाड्यात ठेवलं. सकाळी उठून तोंडात टाकलं तर सादळलेलं. पार मऊ. चुरमुरा दाताखाली वाजलाच नाही, कागद चावल्यासारखा. फेब्रुवारी महिना, बाहेर हवा इतकी कोरडी की ओठ फुटतायत, पाऊस नाही, धुकं नाही, आणि एका रात्रीत भडंग सादळतं म्हणजे खोलीत किती दमट असेल.

मी कोनाड्याला हात लावला. गार, ओलसर. पलंग जरा ओढून बघितला तर मागे जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत भिंतीला लोणा. रंगाला फोड आलेले, बोटाने दाबला की फोड फुटून पांढरी पूड खाली. ही गोष्ट आमच्या गावच्या घरी झालीये म्हणून कळते. जुनी भिंत चुन्याची असते, ती पाणी पिते आणि हळूहळू सोडतेही, श्वास घेते म्हणतात ना तसं. त्यावर सिमेंटचा गिलावा मारला आणि वरून चकचकीत प्लास्टिक पेंट दिला की पाणी आतच कोंडतं, आणि मग क्षार घेऊन जिथून वाट मिळेल तिथून बाहेर येतं. वडिलांनी हौसेने केलं होतं, तीन वर्षांत सगळं खरवडून परत चुना लावायला लागला. इथे हॉटेलवाल्यांनी तेच केलंय, फक्त वर वॉर्म लाइट लावलेत.

माझा तर धंदाच ओलाव्याचा आहे हो. हळकुंड मोडलं की खणकन आवाज आला पाहिजे, नाही आला तर भाव पडतो. आणि हे त्या सांगलीत, जिथे हरिपूरला लोक जमिनीच्या पोटात पेवं खणून त्यात हळद ठेवायचे, वर्षानुवर्षं, कीड नाही, बुरशी नाही, माती बघून जागा निवडायचे. २००५ च्या पुराने त्या पेवांत पाणी घातलं ती गोष्ट वेगळी. पण पेवात हळद कोरडी ठेवणाऱ्या गावात सात हजारांच्या खोलीत चुरमुरे कोरडे राहीनात. माझ्याकडे पावडरीचे सॅम्पल होते कागदी पुड्यांत, कपाटात ठेवले होते, त्यातल्या दोघांच्या गुठळ्या झाल्या. कोणी सॅम्पल घेऊन फिरत असेल, मसाला, औषध, खत काहीही, तर हवाबंद डबा नेणे, आणि खालच्या खोलीत असाल तर गाडीतच ठेवणे.

वाय-फाय. भिंत मी खिडकीच्या कडेला हाताने मोजली, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत आणि वर चार बोटं. म्हणजे पावणेदोन फूट. असल्या भिंतीतून वाय-फाय जाणार कसं, राउटर चौकातल्या खांबाला आणि खोलीत त्याची फक्त आठवण. मोबाइलची रेंजही तीच, खिडकीत एक काडी, पलंगावर शून्य. पहिल्या रात्री नऊ वाजता माझा दुबईच्या गिऱ्हाइकाशी कॉल होता, भाव ठरवायचा कॉल, असातसा नाही. खोलीत तीन वेळा कट झाला. सोप्यात गेलो तर तिथे एका कंपनीची पार्टी, कोणीतरी माइकवर गाणं म्हणतंय. बोर्डरूम मागितली, तिथे ताशी चार्ज. शेवटी जिन्यात फिरत फिरत सापडलं की वरून तिसऱ्या पायरीवर, भिंतीला पाठ लावून, फोन उजव्या हातात धरून उभं राहिलं की चार काड्या येतात. पाऊण तास तसा उभा होतो. मागून हाउसकीपिंगवाले चादरींचे गठ्ठे घेऊन खाली-वर करत होते आणि गिऱ्हाइकाला वाटलं मी धर्मशाळेत आहे, विचारलं त्याने, सब ठीक है ना. उद्या तुम्हालाही लागली तर ही पायरी लक्षात ठेवा : चौकातून डावीकडचा जिना, वरून तिसरी.

वर्क डेस्कचं सांगायचं राहिलंच. खोलीत एक मुनीमजीचं बसकं डेस्क ठेवलंय, उतरत्या झाकणाचं, मांडी घालून लिहायचं असतं ते. त्यालाच ते वर्क डेस्क म्हणतात. सोबत एक लोड. मी चेष्टा करत नाहीये. लॅपटॉप त्याच्या उतारावरून घसरतो, मी खाली चप्पल लावली होती अडकवायला. प्लग पॉइंट एकच कामाचा आणि तो पलंगाच्या मागे, लोण्याच्या भिंतीत. एक्स्टेंशन बोर्ड न्या, लांब वायरचा. बोर्डरूम मात्र कबूल करतो, ठीक आहे, खुर्च्या चांगल्या, प्रोजेक्टर चालतो, नाव दिलंय "नाट्यपंढरी" आणि भिंतीवर माहिती लावलीये की विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला इथे सांगलीत सीता स्वयंवर केलं. तेवढी एक माहिती त्या वाड्यात मला शंभर टक्के खरी सापडली.

आवाजाचं. वरची जमीन फळ्यांची आहे. खालच्या खोलीत झोपलात तर वरचा माणूस रात्री किती वेळा उठला, चपला घालून उठला की अनवाणी, हे सगळं कळतं. माझ्या वरचे गृहस्थ चार वेळा उठले, त्यांनी एकदा शुगर बघून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी सौदे बघून मार्केट यार्डातून दमून आलो. गणपती पेठेतून यार्डात जायला रिक्षाने पंधरा मिनिटं धरा, संध्याकाळी परत येताना त्याच्या दुप्पट, विश्रामबागेतून मला कधीच एवढा वेळ लागला नव्हता. सकाळी लवकर यार्ड गाठायचं असणाऱ्याने गावात राहण्यात शहाणपणा नाही. तर परत आलो, रिसेप्शनला म्हटलं खोली बदला. मॅनेजर म्हणाले, वरची प्रीमियम आहे सर, रात्रीला १,२०० जादा पडतील. मी म्हटलं तुमच्या भिंतीला पाणी सुटलंय त्याचे मी जादा देऊ? ते म्हणाले, सर तो हेरिटेज टेक्स्चर आहे. हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

रात्री जेवण वाढायला एक वयस्कर मामा होते, पांढऱ्या मिशा, डोक्याला हॉटेलने घातलेला फेटा. त्यांच्याशी सहज बोललो. ते म्हणाले, "सायेब, खालच्या समद्या भित्ती रडत्यात. पाठीमागची माडी मागायची की. परसाकडची. दोन्ही बाजूला खिडक्या हायत."

"मग मामा, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कुठं इचारलं?"

बरोबर आहे. तर आता मी तुमच्या वतीने विचारून ठेवलंय : पाठीमागची माडी, परसाच्या बाजूची, तिथे तीन खोल्या आहेत, पायऱ्या उभ्या आहेत आणि लिफ्ट नाही, त्यामुळे गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी नाद सोडा. मला तिसऱ्या रात्री मिळाली, जादा न देता, कारण मी तिसऱ्या दिवशी सकाळी लोण्याचा फोटो मॅनेजरना दाखवून म्हटलं हे टेक्स्चर ऑफिसच्या ग्रुपवर टाकू का. आणि खरं सांगतो, ती खोली वेगळंच हॉटेल आहे. वीटकामाची भिंत, कोरडी खडखडीत, संध्याकाळी नदीकडून वारा येतो तो आरपार जातो, एसी लावलाच नाही. खिडकीत बसलं की परसातली जुनी विहीर आणि औदुंबराचं झाड दिसतं, आणि रेंज तीन काड्या. मुद्दाम नवीन भडंग आणून उघडं ठेवलं रात्रभर. सकाळी कुरकुरीत. मला इतका आनंद झाला की मी त्या फेटेवाल्या मामांना वर बोलावून खायला दिलं.

नाश्ता चांगला. थालीपीठ आणि लोण्याचा गोळा, इथे लोणी खायचं, भिंतीवरचं नाही. रात्रीचं जेवण हॉटेलात करू नका, दोन रात्री करून बघितलं, ताट सुंदर आणि पोट रिकामं. मेन्यूत "गोल्डन टर्मरिक लाटे" २६० रुपये, खाली लिहिलंय की सांगलीच्या जीआय मानांकित हळदीचा. म्हणजे हळदीचं दूध. मानांकन आहे, २०१८ ला मिळालंय, पण हळद कपात किती आहे हे मी रंगावरून सांगू शकतो आणि ती चिमटीच्याही अर्धी होती. एक दुपार मोकळी मिळाली ती हरिपूरला संगमावर गेली, वारणा येऊन मिळते तिथे, छान होतं.

आता बिल. खरं तर हे सगळं मी बिलासाठीच लिहायला घेतलं.

निघायच्या सकाळी हातात बिल आलं. खोली ६,९५० गुणिले तीन, २०,८५०, बरोबर. त्याच्या खाली "हेरिटेज मेंटेनन्स" ६०० गुणिले तीन, १,८००. हे बुकिंगला नव्हतं, चेक-इनलाही कोणी बोललं नव्हतं. मला आधी राग आला तो या अठराशेचा, पण खरी गंमत पुढच्या ओळीत होती. जीएसटी १८ टक्के, ४,०७७ रुपये.

नीट लक्ष द्या, ऑफिसच्या कामाने फिरणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून हॉटेलच्या खोलीला रात्रीचे ७,५०० पर्यंत पाच टक्के जीएसटी आहे, आधी बारा होता. ७,५०० च्या एक रुपया वर गेलात की अठरा. पूर्वी बारावरून अठरावर उडी होती, आता पाचावरून थेट अठरा, म्हणजे या रेघेच्या अलीकडे-पलीकडे असण्याला फार किंमत आली. ६,९५० ची खोली अलीकडे आहे. पण तिला सक्तीचे ६०० चिकटवले की झाले ७,५५०, पन्नास रुपयांनी पलीकडे. मी कॅल्क्युलेटर काढून काउंटरवरच केलं. पाच टक्क्याने तीन रात्रीचे २१,८९२ रुपये ५० पैसे व्हायला हवे होते, त्यांनी लावले २६,७२७. फरक ४,८३४ रुपये ५० पैसे. मुद्दाम केलंय की त्यांच्या सिस्टीमने केलंय मला माहीत नाही, पण मॅनेजरना मी हे सांगितलं तेव्हा ते दचकले नाहीत एवढं खरं.

शिवाय जेवणाच्या बिलांवर दहा टक्के सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला, ४,३०० वर ४३०. यावर तर भांडायची गरजच नाही, नुसतं म्हणायचं काढा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ लाच सांगितलंय की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप घालता येत नाही, द्यायचा की नाही ते गिऱ्हाइकाच्या मर्जीवर, आणि दिल्ली हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. नाही काढला तर १९१५ ला फोन लावतो म्हणायचं, ग्राहक हेल्पलाइन. मला फोन लावायला लागला नाही, नंबर म्हटल्यावर काढला. जेवण वाढणाऱ्या मामांना मी वेगळे हातात दिले, ते त्यांच्याच खिशात गेले पाहिजेत म्हणून.

पण पाण्याच्या बाटलीवर भांडू नका, मी ते करून फजीत झालो. वीस रुपयांची बाटली नव्वदला लावली होती, मी म्हटलं एमआरपीच्या वर घेताच कसे. मॅनेजर शांतपणे म्हणाले सर, सुप्रीम कोर्ट, २०१७. रात्री घरी येऊन बघितलं तर बरोबर होते, हॉटेल-रेस्टॉरंटने बसवून दिलेल्या बाटलीला एमआरपीचं बंधन नाही असाच निकाल आहे. त्यामुळे पाणी बाहेरून आणा. खायच्या जीएसटीवरही जास्त ताणू नका, खोल्या साडेसात हजारांच्या वर विकणाऱ्या हॉटेलच्या रेस्टॉरंटला अठरा टक्के लागू शकतात. भांडायचं असेल ते त्या सहाशेवर.

दोन तास गेले काउंटरवर. आधी म्हणाले कंपनी पॉलिसी आहे. मग म्हणाले मालक परगावी आहेत. मग म्हणाले सर तुम्ही बिल भरा, आम्ही बघतो. मी बसून राहिलो, मामा गाडी घेऊन बोळाच्या तोंडाशी येऊन हॉर्न मारतायत, मागे टेम्पो, टेम्पोच्या मागे अजून एक टेम्पो. शेवटी मालकांशी फोनवर बोलणं करून दिलं, ते बिचारे सभ्य होते, म्हणाले तुमचं बरोबर आहे, ते सहाशे काढतो, टॅक्सही पाचाने होईल. पण टॅक्स इनव्हॉइस आधीच फाडलेलं, कार्डही स्वाइप झालेलं, त्यामुळे फरकाची क्रेडिट नोट, म्हणजे बिल तेवढ्याने कमी केल्याचा कागद, पाठवतो म्हणाले आठ दिवसांत.

इथे माझी चूक झाली ती तुम्ही करू नका. आदल्या रात्रीच रिसेप्शनला सांगा की प्रोव्हिजनल बिल काढून द्या, फायनल नको. ते शांतपणे खोलीत बसून वाचा, जे काढायचं ते तेव्हाच काढून घ्या, मग फायनल. आणि कंपनीचा जीएसटी नंबर चेक-इनलाच द्या, निघताना दिला तर बिल परत करायला लागतं. त्यातही नंबर महाराष्ट्राचा असेल तरच क्रेडिटचा, म्हणजे भरलेला टॅक्स कंपनीला वळता करून घ्यायचा, उपयोग, खोलीचा टॅक्स हॉटेल ज्या राज्यात तिथला लागतो, बाहेरच्या राज्यातून येणाऱ्यांना तो पूर्ण अंगावरच.

परत जाणार का? एप्रिलमध्ये फेरी आहे. पाठीमागच्या माडीची खोली लिहून दिली, रेट सगळं धरून मेलवर आला आणि बाजाराचा दिवस नसला तर जाईन, तो वारा आठवतोय अजून. नाहीतर विश्रामबाग, टाइल्स आणि ट्यूबलाइट.

क्रेडिट नोटचं म्हणाल तर आज तेवीसावा दिवस. रोज साडेदहाला फोन करतो, रिसेप्शनची मुलगी आता आवाज ओळखते, म्हणते सर अकाउंट्सवाले आत्ताच जेवायला गेलेत. साडेदहाला.